गुणाजीच्या छत्रीतलं भूत

सात वाजायला पाच मिनिटं कमी होती आणि बाळकुमच्या कोळीआळीत गुणाजीच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत पाय ठेवायला जागा नाही. बायका भिंतीला टेकून, बाप्ये दारात, पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळत. सगळ्यांचे डोळे टीव्हीवर. टीव्हीत एक रडवेली सून सासूच्या पाया पडत होती, पण ती मालिका बघायला कुणीच आलं नव्हतं. लोक आले होते गुणाजीला बघायला. आणि गुणाजीला जाऊन अडीच महिने झाले होते.

टीव्हीच्या समोर पाटावर चांगदेव भगत बसला होता. मांडीवर काशाची थाळी, हातात चिंचेची काठी, आणि चेहरा असा की जणू यमाने दप्तर ह्याच्याच हवाली केलं आहे.

"आल्याड खाडी, पल्याड खाडी, मधी थांबली गुनाजीची होडी!" भगत ओरडला. "ये गुनाजी, ये! घर तुजं, दार तुजं, डबा तुजा! आलास तर खून दे!"

मग त्याने थाळीवर सात ठोके घातले. एकेक ठोका असा सणसणीत की छातीत घुमावा. सातवा ठोका विरतो न विरतो तोच टीव्हीतली सून थरथरली, तिचं तोंड वाकडं झालं, पडदाभर मुंग्या आल्या. आणि त्या मुंग्यांतून दोन धिप्पाड उघडीबंब माणसं वर आली. त्यांना चेहरे नव्हते. ती एकमेकांना उचलून आपटत होती आणि कुठल्या तरी परक्या भाषेत कुणी तरी घसा फोडून ओरडत होतं.

"आले गो बाय, आले!" गुणाजीची बायको मनुबाई जमिनीवर कपाळ टेकून रडायला लागली. "कुस्ती बघाला आले!"

गर्दीने एकदम हात जोडले. खिडकीतलं एक पोर भीतीने खाली पडलं, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

स्वयंपाकघराच्या दारात धाकटी सून जनी उभी होती. तिला पाचवा महिना होता. भगत आता टीव्हीकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

"गुनाजी, तुज्या वाटंत कोन आडवं आलं? थोरली सून आसंल तर कुस्ती मोड!" भगताने सात ठोके घातले. मुंग्या गेल्या, मालिकेतली सून परत आली. थोरली सून आवडाबाई किंचाळलीच. पण भगताने हात वर केला. "थांब बाय! म्हातारा इचार करतोय. पुन्ना इचारतो. गुनाजी, धाकटी आसंल तर कुस्ती लाव!"

सात ठोके. आणि पडद्यावर पुन्हा ते बिनचेहऱ्याचे पैलवान उभे राहिले.

सगळी माणसं जनीपासून हातभर मागे सरली. आवडाबाई तर अशी सरली की सुटकेचा श्वास तिच्या तोंडातून ऐकू आला.

भगताने निकाल सांगितला. गुणाजीला ह्याच घरात पुन्हा जन्म घ्यायचा आहे, धाकटीच्या पोटी. पण धाकटी वाट अडवून बसली आहे, म्हणून तो डब्यात अडकला आहे. उपाय एकच. येत्या अवसेला, दुपारच्या भरतीला, धाकटीने ओटीत धोंडा बांधून खाडीत सात बुड्या मारायच्या.

"माना पोवता येत नाय," जनी कशीबशी म्हणाली. सासरची बोली तिच्या तोंडी आता बसत चालली होती.

"पोवाचं काय काम?" भगत म्हणाला. "म्हातारा राजी आसंल तर वर काढील."

आणि नसेल तर काय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगायला हवं. गुणाजीने हयातभर खाडीत जाळं टाकलं. मग शेताच्या जागी इमारती आल्या, आणि गुणाजीच्या गच्चीवर आळीतली पहिली छत्री आली. छत्री म्हणजे ती मोठी जाळीची थाळी, आकाशातून परदेशी चॅनेलं खाली ओढणारी. तिला दोन डबे जोडले होते. डबे म्हणजे रिसीव्हर. एक खालच्या खोलीत गुणाजीसाठी, दुसरा माडीवर थोरल्या मुलाकडे, परशुरामाकडे. रोज संध्याकाळी सातला गुणाजी खुर्ची ओढून परदेशी कुस्ती लावायचा आणि नऊपर्यंत पैलवानांना कोळ्याच्या शिव्या द्यायचा. त्या दोन तासांत टीव्हीला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

तो गेला. तेरावं झालं. आणि चौदाव्या दिवशी सातच्या ठोक्याला बायकांनी भीत भीत का होईना मालिका लावली. दहा मिनिटांत मुंग्या आल्या, आणि मुंग्यांत पैलवान.

आपल्या डब्यावर कुणी कुस्ती लावली का ते बघायला परशुराम धावत माडीवर गेला. त्याचा डबा बंद होता. प्लग काढलेला.

माजिवड्याहून विश्राम मेकॅनिकला बोलावलं. त्याने भर दुपारी येऊन छत्री तपासली, वायर तपासली, डबा उघडून पुसला आणि "सगळं ओके आहे" म्हणून गेला. संध्याकाळी सातला पैलवान हजर. विश्रामने दुसऱ्या दिवशी डबा बदलला. पैलवान आले. वायर बदलली. आले. तिसऱ्या खेपेला तो स्वतः संध्याकाळी थांबला, पण त्या दिवशी घाबरून चांगदेव भगतालाही बोलावलं होतं. आणि काय नवल, भगत उंबऱ्यावर यायच्या आधीच चित्र लख्ख झालं.

"बगा! भगताच्या नुसत्या चाहुलीनं गेला!" आळी म्हणाली.

विश्रामने डोकं खाजवलं आणि हत्यारं गोळा केली. त्या दिवसापासून मेकॅनिकचं येणं बंद झालं आणि भगताचं सुरू झालं.

हा चांगदेव शेजारीच राहायचा, मधे फक्त एक बोळ. आताशा त्याचं बरं चाललं नव्हतं. पोराला ताप आला तर लोक दवाखान्यात जायला लागले होते. टीव्हीवर तर त्याचा भारी राग. "ह्यो कलीचा डबा! माज्या घरात याला थारा नाय," असं तो चारचौघांत सांगायचा. आणि आता त्याच डब्याने त्याला पुन्हा देवपण दिलं होतं.

त्या रात्री कान्हा, जनीचा नवरा, तिच्याजवळ बसला. कारखान्यात दहा मणाचं मशीन हलवणारा गडी, पण भगताचं नाव निघालं की त्याचा आवाज बसायचा.

"मी दोरी बांधीन ना तुज्या कमरेला," तो म्हणाला. "मीच धरीन. सोडणार नाय."

"आणि पोटातल्याला कुठली दोरी बांधशील रे?"

जनीला कान्हाचा राग आला, आणि लगेच कीवही आली. खोटं कशाला बोला, जनी स्वतःही भ्यायलेली होती. सासऱ्याची रिकामी खुर्ची आपणच पडवीत नेऊन ठेवली, म्हणून मामंजी खरंच रागावले असतील का, हे तिच्याही मनात दहादा येऊन गेलं होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे तर तो रंगीत टीव्हीत दिसत होता.

पण जनी ठाकुर्लीची. तिचा बाप रेल्वेच्या केबिनमध्ये होता. लहानपणी जेवणाचा डबा द्यायला गेली की ती लोखंडी दांड्यांच्या रांगेकडे बघत बसायची. बाप एक दांडी खेचायचा, रुळांच्या कडेने धावणारी तार करकरायची आणि लांब, डोळ्यांना जेमतेम दिसेल तिथे, सिग्नलचा हात आपोआप खाली पडायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती घाबरून रडली होती. तेव्हा बापाने तिला रुळांच्या कडेने पार सिग्नलपर्यंत चालवत नेलं होतं, तारेवर हात ठेवून.

"आपोआप काय नसतं, जने," तो म्हणाला होता. "तार दिसली की समजायचं, दुसऱ्या टोकाला माणूस हाय."

अंथरुणात पडल्या पडल्या तिला बापाची तार आठवली, आणि तारेवरून गच्चीवरची दोरी आठवली.

आठ दिवसांमागची गोष्ट. गच्चीवर जाळी वाळत घातली होती, ती काढायला जनी गेली होती. बांबूच्या कडेने नायलॉनच्या दोऱ्या गेल्या होत्या. त्यातली एक काळी दोरी हाताला वेगळी लागली. गुळगुळीत होती, गाठ बसत नव्हती. ती छत्रीजवळच्या एका डांबरी फडक्याच्या गाठोड्यातून निघाली होती आणि जाळ्यांतून, बांबूवरून, बोळ ओलांडून भगताच्या कौलांत शिरली होती. खाली भगत अंगणात उभा होता. जनीने वरूनच विचारलं होतं, "काका, ही दोरी तुमच्या घरात कशाला गेली? काढू का?"

भगताचा चेहरा क्षणभर उतरला होता. मग तो गरजला होता, "देवाची दोरी हाय ती! हात लावशील तर हात झडंल!"

जनीने हात मागे घेतला होता. आणि त्याच आठवड्यात मेलेल्या गुणाजीने तिचं नाव घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं निमित्त काढून ती माजिवड्याला गेली आणि विश्रामच्या दुकानात शिरली. घाम पुसत तिने विचारलं, "दादा, एका छत्रीला दोन डबे असले, तर एका डब्यामुळे दुसऱ्याचं चित्र जातं का?"

"जाऊ शकतं ना, वहिनी," विश्राम म्हणाला. "छत्रीच्या तोंडाशी एक डबी असते. आकाशातून दोन प्रकारच्या लहरी येतात, एक उभी, एक आडवी. तुमची मालिका उभीवर, कुस्ती आडवीवर. मालिका लावली की तुमचा रिसीव्हर डबीला तेरा व्होल्ट पाठवतो, ती उभी घेते. कुस्ती लावली की अठरा पाठवतो, ती आडवी घेते. आता एकाच वायरवर दोन रिसीव्हर असले, की ज्याचे अठरा त्याचं राज्य. त्याने कुस्ती लावली की तुमच्या मालिकेच्या जागी मुंग्या, नाही तर कुस्तीची सावली. पण तुमचा माडीवरचा तर बंद होता. मी स्वतः बघितला."

"आणि तिसरा असला तर?"

विश्राम हसायला गेला आणि थांबला. "तिसरा कुठाय?"

जनीने दोरीबद्दल सांगितलं. विश्रामने हातातला पाना खाली ठेवला. "जाळ्याच्या दोऱ्या समजून मी बघितलंच नाही," तो पुटपुटला. "वहिनी, सरळ कापून टाका वायर."

"कापली तर भगत म्हणेल, म्हातारा रुसून गेला. मग सात नाही, सत्तर बुड्या. दादा, तुम्ही अवसेला या. मी काय करणार ते माझं मलाच नीट माहीत नाही. पण समजावून सांगायला कुणी तरी पाहिजे."

अवस उजाडली. खाडीला उधाण होतं, पाणी बंदराच्या वरच्या पायरीला लागलं होतं. मनुबाईने जनीला हळद लावली. आवडाबाईने ओटीत नारळ, तांदूळ आणि चांगला पाच-सहा शेराचा काळा धोंडा बांधला. त्या वजनाने जनी पुढे वाकली, आणि नेमकं तेव्हाच पोटात बाळाने ढोसलं. तिला वाटलं, धावत सुटावं, ठाकुर्ली येईपर्यंत थांबू नये.

बारा वाजले. घर गच्च भरलं होतं. टीव्हीवर दुपारची मालिका लावली होती. निघण्याआधी गुणाजीचा शेवटचा हुकूम घ्यायचा होता. दाराशी, मागे कुठे तरी, विश्रामचा चेहरा दिसला. तोही पांढराफटक पडला होता.

"गुनाजी, धाकटीला न्यू का? हुकूम दे!" सात ठोके. पैलवान आले. "दिला हुकूम! चला बंदरावर!"

"थांबा," जनी म्हणाली. आवाज तिलाच ऐकू आला नाही, म्हणून ती पुन्हा म्हणाली, "थांबा! मी पाण्यात जाते. पण आधी मामंजींची माफी मागते. थाळी द्या."

"थाली बायकांनी धराची नाय!" भगत खेकसला.

"माजी सून मराला चाललीय," मनुबाई अचानक म्हणाली. "तिला माफी मागू दे रे, चांगदेवा."

गर्दीतून हुंकार उठला. भगत काही बोलायच्या आत जनीने त्याच्या मांडीवरून थाळी उचलली आणि हातातली काठी ओढून घेतली. काठी दोनदा निसटली. तिला काहीच माहीत नव्हतं. तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस असेल का, असला तर ऐकेल का, आणि नसलंच कुणी तर खाडी होतीच.

तिने मोजून सात ठोके घातले.

पैलवान नाहीसे झाले. मालिका लागली.

जनीने पुन्हा सात ठोके घातले. पैलवान आले. पुन्हा सात. मालिका. पुन्हा सात. पैलवान.

"भगत नुसता बसलाय," कुणी तरी हळूच म्हणालं. "मंतर पण नाय म्हनत."

"थांब, बये! म्हातारा कोपंल!" भगत उठला, पण कान्हा आडवा आला. त्याचा आवाज बसलेलाच होता, तरी तो आडवा आला.

"मामंजी माझं ऐकतात, मग माझ्यावर रागावले कुठे?" जनी म्हणाली. आता तिला रडू फुटलं होतं आणि ते ती लपवत नव्हती. "भावजी, कान्हा, गच्चीवर जा. डांबरी फडक्यातून एक काळी दोरी निघते. तिच्यावर हात ठेवून ती जाते तिथवर चालत जा. मी इथं थाळी वाजवत राहते."

ती वाजवत राहिली. सात, आणि सात, आणि सात. गुणाजी जात होता, येत होता. शेवटी सात ठोके पडले तरी मालिका हलली नाही, आणि बोळापलीकडून आरडाओरडा ऐकू आला. परशुराम आणि कान्हा परत आले ते भगताच्या बायकोला, शेवंतीला, घेऊनच. कान्हाच्या काखेत धुळीने माखलेला रिसीव्हर होता, आणि शेवंतीच्या हातात अजून रिमोट होता. ती बिचारी रडत नवऱ्यालाच म्हणाली, "आज कितींदा वाजवताव? सात झालं की चॅनेल बदल म्हनलाव, मी बदलत बसले. आंगठा दुखाला लागला."

त्यानंतर विश्राम पुढे आला आणि तेरा व्होल्ट, अठरा व्होल्ट, उभी लहर, आडवी लहर सगळं त्याने सांगितलं. डबा पुन्हा जोडून दोनदा करून दाखवलं. आळीतल्या म्हाताऱ्यांनी स्वतः रिमोट दाबून पैलवान बोलावले आणि घालवले.

बाकीचं शेवंतीकडून कळलं. गुणाजीने शेजारधर्म म्हणून चांगदेवाला चोरून लाइन दिली होती. उघड दिली असती तर आळीत एकाला दिली म्हणून सगळ्यांना द्यावी लागली असती. म्हणून त्याने जोड डांबरी फडक्यात गुंडाळून कोळ्याच्या गाठीने आवळला आणि वायर जाळ्यांच्या दोऱ्यांतून सोडली. रोज सातला इकडे गुणाजी कुस्ती बघायचा, तिकडे कलीच्या डब्याचा वैरी चांगदेवही कुस्तीच बघायचा. दोघांची लहर एकच, म्हणून तंटा नव्हता. गुणाजी गेला, इथे मालिका लागली, तिथे कुस्ती चालूच राहिली. आणि ज्या दिवशी भगताला बोलावलं, त्या दिवशी तो टीव्ही बंद करून आला, म्हणून भूत पळालं. तिथून त्याने ताडलं की हे आपल्याच डब्यामुळे होतंय. पुढे जनीने दोरीबद्दल विचारलं, आणि त्याने जनीलाच खाडी दाखवली.

चांगदेव कोपऱ्यात बसला होता. लोक त्याच्या अंगावर धावले तेव्हा जनीच मधे पडली. "मारू नका," ती म्हणाली. "पोलीस चौकी आहे. तिथं न्या."

गर्दी ओसरल्यावर मनुबाई टीव्हीसमोर बसून राहिली. "म्हंजी ते आलेच नव्हते, जने?"

"नाही, आई."

"मी रोज त्यांच्याशी बोलत व्हते गो."

जनी सासूजवळ बसली. मनुबाईने डोळे पुसले, मग तिची नजर जनीच्या ओटीवर गेली. तिने घाईघाईने गाठ सोडली. धोंडा दोन्ही हातांनी उचलून तोलून बघितला, आणि त्याचं वजन कळलं तशी ती म्हातारी हमसून हमसून रडली. नवऱ्यासाठी रडली होती त्याहून जास्त.

जनीला पुढे मुलगी झाली. तो धोंडा अजून पडवीत आहे, मासळी कापायचे कोयते त्याच्यावर घासतात. मुलगी तीन वर्षांची झाली तशी मनुबाईने तिला बोटाला धरून गच्चीवर नेलं, छत्रीच्या वायरीवर तिचा हात ठेवला आणि म्हणाली, "चल पोरी, हितून कुठं जाते ती बगू."

भीती वाटते, त्याला इलाज नाही. जनीलाही वाटली, आणि खाडीची तर तिला आजही वाटते. पण भीती वाटली म्हणून दुसऱ्याच्या लेकीच्या ओटीत धोंडा बांधायचा नसतो. आधी तार शोधायची, तिच्यावर हात ठेवायचा, आणि दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं.